होल्ड युअर हॉर्सेस आणि आमची सबुरी

बी.एड.ला आमचे विषय उर्दू आणि मराठी. इंग्रजी शिकवायला आम्हाला कोणी नेमलेले नाही. पण खेड्यातल्या शाळेत ज्याचा तास रिकामा, त्याच्या माथी अडलेला विषय, असा रिवाज आहे. गेल्या हिवाळ्यात इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवीचा इंग्रजीचा तास आमच्याकडे आला. (या 'आम्ही'ला वाचकांनी मोठेपणा समजू नये. घरात लहानपणापासून 'हम' म्हणत आलो, तेच मराठीत उतरले. शाळेतले सहकारी हसतात, पण सवय जात नाही.)

त्या दिवशी फळ्यावर वाक्प्रचार होते. त्यात चौथा होता 'होल्ड युअर हॉर्सेस'. आम्ही गाइडमध्ये पाहून अर्थ लिहिला, 'धीर धरा, घाई करू नका.' मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्या गावात घोडा कुठी हाये जी?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मूल तालुक्यातल्या त्या गावात घोडा दिसतो तो वरातीत, तोही बाहेरून भाड्याने आणलेला. थोडा वेळ गेला आणि त्याच पोराने तोडगा काढला, "सर, बैल धरा म्हटलं तर चालते काय? पटात धरतात तसं?"

आम्ही वीस वर्षे मुलांना शिकवतो आहोत. एवढा चांगला अनुवाद आम्हाला सुचला नसता.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना शंकरपट सांगायला नको. इतरांसाठी दोन शब्द. धान कापून झाले, बांध्या मोकळ्या झाल्या की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यती भरतात. हलकी छकडी, तिला दोन बैल, वर एकटा धुरकरी. दिवसा पट आणि रात्री नाटक, पाहुण्यांनी घरे भरलेली. पोरींची लग्नेसुद्धा अशाच मुक्कामात जुळतात. पट पाहायचा तर लोक शेवटच्या टोकाला गर्दी करतात. आम्हाला मात्र सुरुवातीचे टोक आवडते. जोडी सुटायच्या आधी दोघे-तिघे बैलांच्या वेसणीला धरून असतात, धुरकऱ्याने कासरा आवळलेला असतो, आणि बैल खुरांनी माती उकरत असतो. त्याच्या मानेची शीर दिसते. धरणाऱ्याच्या दंडाचीही दिसते. हे धरणे दोन-चार मिनिटांचेच, पण सगळी ताकद तिथे लागते. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, मरतुकड्या बैलाला कोणी असे धरत नाही. त्याची गरजच नसते.

या बैलांनाही मोठा काळ थांबावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 रोजी, अटी घालून. बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मुक्या जनावराचा हिशेब द्यावा लागेल, हे आपल्या घरात लहान मुलालाही सांगितलेले असते.

तर, वाक्प्रचार. घोडागाडीच्या काळातला हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बोलीत रुळला आणि तिथून जगभर गेला. पण कल्पना फार जुनी आहे. ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात तेविसाव्या सर्गात रथांची शर्यत आहे. हिवाळी पावसाच्या पाण्याने एका ठिकाणी वाट खचून अरुंद झालेली असते. तरुण अँटिलोकस तिथेच आपला रथ पुढे घुसवतो. शेजारचा मेनेलाउस ओरडून सांगतो की घोडे आवर, पुढे वाट रुंद आहे, तिथे पुढे जा. अँटिलोकस ऐकू न आल्यासारखे करतो. शेवटी मेनेलाउसच स्वतःचे घोडे आवरतो, नाहीतर दोघांचेही रथ उलटले असते. शर्यत संपल्यावर तो तरुण चूक कबूल करतो आणि बक्षिसात मिळालेली घोडी मेनेलाउसपुढे आणून उभी करतो. आमच्या वर्गाला ही गोष्ट इतकी आवडली की दोन दिवस मधल्या सुट्टीत रथांशिवाय दुसरे काही नव्हते.

वापराचे सांगतो, कारण तिथेच आमची फजिती झाली. हा वाक्प्रचार बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणायचा, तोही थोड्या थट्टेच्या सुरात. एकालाच सांगायचे असले तरी घोडे अनेकवचनीच राहतात. थांबणे थोड्या वेळाचे असते. डबा उघडायची घंटा झालेली नाही आणि पोराचा हात पिशवीत गेला, तिथे तो शोभतो. हे सगळे आम्ही वर्गात सांगितले, फक्त 'मोठ्यांना म्हणू नये' एवढेच सांगायचे राहिले. पुढच्याच आठवड्यात एक साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले, तेव्हा पहिल्या बाकावरची आमची हुशार मुलगी उभी राहून हात जोडून म्हणाली, "होल्ड युअर हॉर्सेस, सर." साहेबांचा चेहरा पाहून आम्हाला घाम फुटला. ते भले गृहस्थ, हसले. मुलीचे काही चुकले नव्हते.

इंग्रजीत थांबण्याचे आणखी शब्द आहेत आणि मुले त्यांची गल्लत करतात. 'बाइड युअर टाइम' म्हणजे योग्य वेळेची वाट पाहत राहणे, मनात काही बेत ठेवून. ताडोब्याच्या पाणवठ्याजवळ गवतात वाघ बसतो, त्याला मराठीत आपण दबा धरणे म्हणतो, तसे. त्यात डाव असू शकतो. 'सिट टाइट' म्हणजे आहात तिथेच राहा, हलू नका. नाल्याला पूर आला आणि एसटी अलीकडे उभी राहिली की कंडक्टर जे सांगतो ते. हे उदाहरण आम्ही वर्गात दिले, आणि देताना आवाज थोडा अडखळला. त्याचे कारण पुढे येईल.

आता गंमत अशी की या इंग्रजी वाक्प्रचाराचा अगदी नेमका जोडीदार मराठीत आहे आणि तो आपल्याच घरातून गेलेला आहे. जुन्या मराठी नाटकांत तलवार उपसलेल्या माणसाला दुसरा दरडावतो, "सबूर!" म्हणजे थांब, हात आवर. शिर्डीच्या साईबाबांच्या नावाबरोबर 'श्रद्धा' आणि 'सबुरी' हे शब्द लाखो घरांच्या भिंतींवर आहेत. हा सबूर म्हणजे अरबी 'सब्र', फारसीतून मराठीत आलेला. आणि अरबी शब्दकोशात सब्रचा मूळ अर्थ पाहिला तर तो आहे रोखून धरणे, बांधून ठेवणे. जनावराला चारा न देता बांधून ठेवणे यासाठीही हेच क्रियापद येते. रोजाला आपण ज्या शब्दाने ओळखतो तो 'सौम' सुद्धा घोड्याबद्दल वापरला जाई, न चरता, न हलता उभा राहिलेला घोडा. 'अक्ल' हा शब्द ज्या धातूतून येतो त्याच धातूतून उंटाचा पाय बांधायच्या दोरीचे नाव येते. म्हणजे सब्र, सौम, अक्ल, तिन्ही शब्दांच्या पायात कुठे ना कुठे दावे आहे. आठवीतल्या त्या पोराने 'बैल धरा' म्हटले तेव्हा त्याला यातले काही माहीत नव्हते.

इंग्रजीतला 'पेशन्स' मात्र दुसऱ्या घरचा. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ सोसणे. म्हणून दवाखान्यातला रोगीही 'पेशंट'. आम्हाला वाटते, आपण सब्र हा शब्द तोंडाने अरबी बोलतो आणि अर्थ मात्र या लॅटिन शब्दाचा घेतो. सासरी त्रास आहे, सब्र कर. पगार थकला आहे, सब्र कर. आमच्या मोहल्ल्यात सब्र म्हणजे तोंड मिटून पडून राहणे. त्यात बैल कुठे आहे आणि कासरा कोणाच्या हातात आहे, हे कोणी विचारत नाही.

आमचे अब्बा या बाबतीत वेगळे होते. ते तेंदूपानाच्या हंगामात फडमुन्शी म्हणून जात. बाकीचे वर्ष किराणा दुकानात हिशेब लिहीत. तेंदूचा धंदा अवघ्या काही आठवड्यांचा. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपे छाटायची, दीडेक महिन्याने नवी पालवी येते, मऊ पण जून होत आलेली, तीच विडीला चालते. मे महिन्यात पहाटेपासून घरची सगळी माणसे पाने तोडून आणतात, 70 पानांचा एक पुडा बांधतात, आणि संध्याकाळी फडावर मोजून देतात. अशा 1000 पुड्यांचे एक प्रमाण पोते. पुडे मोकळ्या जागेवर ओळीने वाळत घालायचे, उलटायचे, मग पाणी शिंपडून पोत्यात भरायचे. ओले भरले तर काळे पडते. फार वाळले तर चुरा होतो. आणि वळवाचा एक पाऊस आला तर सगळाच खेळ खलास.

सुट्टीत आम्ही अब्बांबरोबर फडावर राहत असू. आभाळात ढग आला की ठेकेदाराचा माणूस अस्वस्थ होई, भरा, भरा म्हणे. अब्बा ओळीतला एक पुडा उचलून कानाजवळ नेत, अंगठ्याने दाबत, आणि खाली ठेवत. "पत्ता बोलेगा, तब भरेंगे." मग ताडपत्र्या काढून ठेवीत, दोर सोडवून ठेवीत, माणसे कुठे आहेत ते पाहून येत. बसत नसत. एकदा त्यांचा अंदाज चुकला आणि दोन ओळी भिजल्या. त्याचे पैसे त्यांच्या हिशेबातून कापले गेले. घरी अम्मी चिडली. अब्बा म्हणाले, पान तयार नव्हते, आजही नाही म्हणेन.

अब्बांवरून आता ती गोष्ट सांगितली पाहिजे.

आमची पहिली नेमणूक भामरागड तालुक्यात झाली. शिक्षणसेवक म्हणून, तीन वर्षे मानधनावर. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. आलापल्लीहून येणारा रस्ता गावात शिरतो तो पर्लकोटेच्या पुलावरून. तो पूल इतका ठेंगणा की दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, आणि मग शेकडो गावे जगापासून तुटतात. पलीकडच्या काठाला, थोड्या अंतरावर हेमलकसा. 1973 साली बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प तिथलाच. त्या भागातली माणसे पुराला संकट म्हणत नाहीत. पाणी आले की थांबतात, उतरले की निघतात.

ऑगस्ट महिना होता. तीन दिवस झड लागली होती. सकाळी दुकानातल्या फोनवर भाईजानचा निरोप आला, अब्बांची तबियत फार बिघडली आहे, ताबडतोब निघ. आम्ही उलट फोन लावायला गेलो तोवर फोनही बंद पडला होता. आमच्याकडे तेव्हा जुनी मोटारसायकल होती. रेनकोट चढवला आणि पुलाशी आलो.

पुलावरून पाणी जात होते. लाल, फेसाळ. पुलाच्या कडा कुठे आहेत ते मधल्या थोड्या अंतरावर दिसत नव्हते. काठावर वीस-पंचवीस माणसे उभी. एक जण म्हणाला, गुडघाभर असेल. आम्हाला तेवढेच ऐकायचे होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

तेवढ्यात एका हाताने किल्ली फिरवून काढून घेतली. पाहतो तर आमच्या वर्गातल्या एका पोराचा आजा. माडिया म्हातारा, उघडा, डोक्यावर पळसाच्या पानांचे इरले. त्याने किल्ली कमरेच्या धडप्यात खोचली.

"गुरुजी, थांब."

आम्ही सांगितले, वडील आजारी आहेत. तो म्हणाला, "हां." आम्ही सांगितले, पाणी गुडघाभर आहे. तो म्हणाला, "वरते पाऊस हाय. पानी येते आहे अजून." माडिया माणूस लहानमोठ्या सगळ्यांशी एकेरीत बोलतो, त्यात अनादर नसतो, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या क्षणी त्याचा 'तू' आमच्या अंगावर आला. आम्ही जे बोललो ते या मासिकात लिहिण्यासारखे नाही. त्याला जात काढून बोललो, एवढे सांगितले तरी पुरे. शिक्षक होतो, सुशिक्षित होतो, रोज पाच वेळा अल्लाहपुढे उभे राहत होतो. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "हा पूल जाशील. पेरमिलीचा नाला?" पुढच्या रस्त्यावर पेरमिलीचाही नाला भरतो, हे आम्हालाही माहीत होते. आम्ही तो विचारच केला नव्हता.

तो जवळच्या दगडावर बसला, किल्ली कमरेला. आम्ही उभे. तासाभराने वरून एक अख्खे झाड आले, मुळ्यांसकट. पुलाला आदळले, थोडे अडकले, फिरले आणि पलीकडे गेले. काठावरची माणसे ओरडली. म्हातारा काही बोलला नाही. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

रात्री बाजारातल्या दुकानांत पाणी शिरले. आम्ही लोकांबरोबर पोती उचलत होतो, कारण बसवत नव्हते. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडा पडला, वर चिखल आणि फांद्या. म्हाताऱ्याने किल्ली आणून हातावर ठेवली. आम्ही माफी मागितली की नाही, खरेच आठवत नाही. मागितली नसावी. आलापल्लीला पोहोचून फोन केला तेव्हा भाईजान एवढेच म्हणाला, "परवा असर के बाद दफन हो गया."

निरोप आला त्याच दिवशी दुपारी अब्बा गेले होते. आमच्यासाठी थांबणे शक्य नव्हते आणि दफनाला उशीर करू नये हे आपण सगळे जाणतो. आपल्या हनफी मसलकात गायबाना जनाज्याची नमाज नाही. त्यामुळे बापाच्या जनाज्याला खांदाही नाही आणि नमाजही नाही. थोरल्या मुलाने कबरीत उतरून माती दिली, धाकटा पुरापलीकडे दुकानदाराची तांदळाची पोती वर चढवत होता.

कितीतरी वर्षे आम्ही हिशेब केला. सकाळी अकराला पूल ओलांडला असता, तर पाच-सहा तासांची वाट, असरपर्यंत कबरस्तानात पोहोचलो असतो. कधी या हिशेबात आम्ही पोहोचतो. कधी ते झाड आधी येते. कधी पेरमिलीचा नाला भरलेला असतो. हिशेब कधी जुळला नाही.

घरी पोहोचलो तेव्हा अम्मी इद्दतीला बसली होती. चार महिने दहा दिवस, तेही एक ठरवून दिलेले थांबणेच. ती रडली नाही. तिने विचारले, "नदी में पानी कितना था?" आम्ही हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. ती म्हणाली, "रुक गया, अच्छा किया. उन्हें भी यही पसंद आता." अब्बांचे पान आणि पोते तिलाही आठवले असावे. पण आम्ही थांबलो नव्हतो. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. हे तिला तेव्हा सांगता आले नाही. सांगितले ते सात-आठ वर्षांनी, एका रमजानमध्ये इफ्तारनंतर. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, त्या म्हाताऱ्यासाठी दुआ करत जा.

हदीसमध्ये एका बाईचा प्रसंग आहे, वाचकांना ठाऊक असेल. ती कबरीजवळ रडत होती. प्रेषित मुहम्मद (स.) तिथून जात होते, त्यांनी तिला सब्र करायला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही आणि तोडून बोलली, तुमच्यावर माझ्यासारखी वेळ आलेली नाही. नंतर कोणी सांगितल्यावर ती धावत त्यांच्या दारी गेली. तेव्हा त्यांनी तिला समजावले की सब्र तोच, जो पहिल्या धक्क्याला असतो. पूर्वी आम्ही हा प्रसंग ऐकायचो तेव्हा बाईचे अज्ञान दिसायचे. आता तिचे तोडून बोलणे ऐकू येते. आम्हीही तेच बोललो होतो, आणि पहिल्या धक्क्याला आमचा हात मोकळाच होता. नंतर जे आले ते वेळ गेल्यावरचे शांत होणे. उर्दूत त्याला 'सब्र आ गया' म्हणतात. सब्र करणे आणि सब्र येणे यांतला फरक उर्दूचा शिक्षक असूनही आम्हाला पुस्तकातून कळला नव्हता.

उर्दूत आणखी एक प्रयोग आहे, 'किसी का सब्र पडना'. ज्याच्यावर जुलूम झाला त्याचे गप्प राहणे जुलूम करणाऱ्याच्या डोक्यावर येऊन पडते. अम्मी तो वापरते तेव्हा आम्ही भाऊ एकमेकांकडे पाहतो. म्हणजे दुसऱ्याला सब्र सांगणारा माणूसही मोकळा सुटत नाही.

दुसऱ्याला 'थोडा धीर धरा' म्हणणे सोपे असते. गडचिरोलीत तर ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचे उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणे वनखात्याच्या हाती. बांबू लाकडात मोडतो की गौण वनोपजात, यावर वाद चालला. गावाने रागाच्या भरात काही केले नाही आणि गप्पही बसले नाही. तिथे आधीपासून अभ्यासगट चालत, निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होत. एकाचेही मन वळले नसेल तर गाव थांबते. त्यांनी कायदा वाचला, अर्ज केले, पुन्हा वाचला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या मधल्या काळात कासरा गावानेच धरला होता. कोणी त्यांना 'होल्ड युअर हॉर्सेस' म्हणाले असते तर ते त्या साहेबांना शोभले नसते, आमच्या पहिल्या बाकावरच्या मुलीपेक्षाही कमी.

हे उदाहरण ऐकल्यावर मागच्या बाकावरचा तोच पोरगा म्हणाला, "मग सर, सुटायची वेळ कोण सांगते?" पटात झेंडी पडते, ते त्याला माहीत आहे. बाकी ठिकाणचे आम्हालाही सांगता आले नाही. अब्बा पान कानाला लावत. आजाला नदी कळत होती. आम्ही त्याला म्हटले, पुढच्या तासाला बोलू. तो तास नंतर मॅडमकडे गेला.

पर्लकोटेवर आता नवा उंच पूल बांधायला घेतला आहे. त्या आजाचा नातू, आमचा विद्यार्थी, भामरागडलाच राहतो, बायको-मुले आहेत. त्याने मध्यंतरी मोबाइलवर नव्या खांबांचा फोटो पाठवला. फोटोत कडेला जुना पूल होता, पाण्याबाहेर, लहानसा. आजा जाऊन बरीच वर्षे झाली. खाली नातवाने लिहिले होते, 'सर, पूल झाला की या.'

येतो, म्हणून कळवले आहे. मोटारसायकलनेच जायचे आहे. अम्मीही येते म्हणते, तिला ती नदी पाहायची आहे. या वयात मोटारसायकलवर एवढा प्रवास कसा करणार, यावर घरात अजून वाद चालू आहे.